आत्याची ट्रंक

वस्तू विकत घेण्याच्या बाबतीत माणसांचे दोन वर्ग पडतात. एक, दुकानात शिरून 'हे द्या' म्हणून बोट दाखवणाऱ्यांचा आणि दुसरा माझा. मी साधी छत्री घ्यायला निघालो तरी काड्या आठ बऱ्या की बारा याचा निकाल लागेतो पावसाळा सरतो, आणि निकाल घेऊन दुकानात जावे तर दुकानदाराने छत्र्या माळ्यावर टाकून आकाशकंदील टांगलेले असतात. आमच्या लग्नाला ४१ वर्षे झाली. मुलगी पसंत करण्याच्या बाबतीतही मी असाच घोळ घालत बसलो असतो. पण ते काम वडिलांनी माझ्यावर सोपवले नव्हते म्हणून निभावले, असे आमची ही चारचौघांत सांगते.

तर अशा या माणसाने गेल्या वर्षी पाडव्याला, मांडीवर फराळाचे ताट आणि तोंडात अर्धी चकली अशा अवस्थेत जाहीर केले, की आत्याच्या ट्रंकेतले सगळे फोटो आपण घरच्या घरी स्कॅन करायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाडव्याच्या दिवशी कशालाही मान डोलावण्याची पद्धत आहेच. आत्याने मात्र विचारले, "म्हणजे नक्की काय करायचं?"

"फोटो काचेवर पालथा ठेवायचा. खालून दिवा फिरतो आणि त्याची नक्कल कॉम्प्युटरात जाते."

"आणि फोटो?"

"तो परत ट्रंकेत."

"मग हरकत नाही," आत्या म्हणाली. "ट्रंक मात्र घराबाहेर जायची नाही."

ही अट ऐकून कोणी हसले नाही, कारण त्या ट्रंकेचा इतिहास आमच्या घरात मुलांना रामरक्षेच्या आधी सांगतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आमचे घर तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मी चार वर्षांचा होतो. मला त्या दिवसाचे एवढेच आठवते, की कोणीतरी मला काखोटीला मारून धावत होते आणि माझी एक चप्पल पडली होती. आत्या २४ वर्षांची होती. घरातली माणसे 'चला, चला' म्हणून ओरडत असताना तिने ती काळी पत्र्याची ट्रंक शिडीने माळ्यावर चढवली आणि मगच ती घराबाहेर पडली. दागिन्यांचा डबा मात्र खालीच राहिला आणि पाण्याबरोबर गेला. 'कागद वाचवले आणि सोनं घालवलं,' असे आजी पुढे दहा वर्षे तिला ऐकवत असे. सोन्याचे पुढे काय झाले असते कोणास ठाऊक; कोणाच्या तरी मुंजीत ते गेलेच असते. फोटो मात्र अजून आहेत. मोजले, तर ६४० भरले.

ट्रंकेत नव्हता असा एकच फोटो, तो माजघराच्या भिंतीवर. आजोबा, आजी आणि चार मुले. १९४९ साली लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत काढलेला, त्या काळी ज्याला 'फुल प्लेट' म्हणत तेवढ्या आकाराचा, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांचा. पाणी त्याच्या वरून गेले. फोटोच्या कागदावर जो चकाकता थर असतो तो जिलेटिनचा. भिजला की तो फुगतो आणि चिकट होतो. आजीने गाळ पुसून ती चौकट सावलीत वाळवली, पण उघडली नाही. वाळताना तो थर डिंकासारखा काचेला धरून बसला. तेव्हापासून आमचे आजोबा काचेला चिकटलेले आहेत.

त्या फोटोत डावीकडे जमिनीवर एक पाच वर्षांची मुलगी बसली आहे. ती बेबी. आत्याची धाकटी बहीण. १९५१ साली विषमज्वराने ती गेली. तिचा दुसरा फोटो नाही. माझे वडील आणि काका जाऊन वर्षे लोटली; तेही कधी तिचा विषय निघाला तर 'बेबी' एवढेच म्हणत आणि गप्प होत. आज तिला पाहिलेले असे या जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस ८८ वर्षांचे असून त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की कडेचे दिसत राहील, समोरचे कमी कमी होत जाईल. आत्या हे आपल्या भाषेत सांगते. "तुझे दोन्ही कान दिसतात रे," ती मला म्हणते, "मधला चेहरा कुठे ठेवून आलास?"

एवढे सगळे माहीत असूनही मी काय केले, ते आता सांगतो. मी यंत्राची चौकशी करू लागलो.

टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कंपूत एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी ऐकताक्षणी सांगितले, "४८०० डीपीआयच्या खाली पाहू नका." डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके टिपते ते माप. मोठा आकडा ऐकला की मला आदर वाटतो. पण मी घरी येऊन कागदावर गुणाकार मांडला. चार बाय सहाचा एक फोटो इंचाला ४८०० ठिपक्यांनी टिपला, तर ५५ कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे तीन बाइट. म्हणजे एका फोटोला दीड जीबीहून जास्त जागा. अशा ६४० फोटोंना कॉम्प्युटर सोडाच, मला वाटते आमचे घरही पुरले नसते. तोच फोटो ३०० ने टिपला तर २१ लाख ठिपके आणि ६०० ने टिपला तर ८६ लाख. कागदावर छापलेल्या बहुतेक फोटोंत मुळात इंचाला तीनशेहून फार अधिक तपशील नसतोच, असे वाचनात आले. दुधात जेवढी साय असेल तेवढीच निघायची. पातेले मोठे घेतले म्हणून थर जाड होत नाही. मी दुसऱ्या दिवशी टेकडीवर हा हिशेब सांगितला. इंजिनियर म्हणाले, "तरी पण असावं." पुण्यात वाद असाच संपतो.

याला एक अपवाद निघाला आणि त्याने माझे आणखी तीन आठवडे खाल्ले. काकांकडे आग्फा क्लिक-थ्री नावाचा कॅमेरा होता. पुष्कळ घरांत होता. एका रोलवर १२ फोटो, प्रत्येक सहा सेंटिमीटर चौरस, आणि काटकसरीची घरे ते मोठे करून न घेता निगेटिव्हवरच कागद ठेवून तेवढ्याच आकाराचे छापून घेत. आपल्याला ते चिमुकले, कातरलेल्या कडांचे फोटो पाहून कीव येते. पण निगेटिव्हमधला सगळा ऐवज त्यांत जसाच्या तसा उतरलेला असतो. असले फोटो ६०० वर थांबवू नयेत, १२०० वर टिपावेत. त्यांत माणसे खरोखरच दडून बसलेली असतात.

मग यंत्रांच्या जाती. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने दोन यंत्रे माझ्यापुढे मांडली. एक पाटीसारखे पातळ. त्याला वेगळी वीजही लागत नाही. कॉम्प्युटरला जोडायची जी वायर, तीतूनच त्याचे पोट भरते. दुसरे जाड आणि जड. पातळ्या यंत्रात काचेच्या अगदी खाली, पानाच्या रुंदीएवढी बारीक डोळ्यांची एक ओळच बसवलेली असते आणि ती सरकत जाते. जाड्यात आरसे असतात आणि भिंग असते, म्हणजे तो एक प्रकारचा कॅमेराच. कॅननचे लाइड ३०० किंवा एप्सनचे परफेक्शन व्ही ३९ ही पातळ्या घराण्यातली. पाच हजारांपासून दहाच्या आसपास जमण्यासारखी. एप्सनचे परफेक्शन व्ही ६०० हे जाड्या घराण्यातले. निगेटिव्हसुद्धा वाचणारे, पण किंमत कितीतरी पट. दुकानदार म्हणाला, "काका, नुसते फोटो असतील तर हा बारीक घ्या. याची नजर फक्त जवळची आहे, एवढं लक्षात ठेवा. कागद काचेला चिकटून असला की बेस्ट. जरा वर उचलला की धुरकट."

मी ते वहीत लिहून घेतले. वहीत लिहून घेतलेली गोष्ट डोक्यात ठेवण्याची जबाबदारी संपते, हा माझा जुना अनुभव आहे.

न्यू जर्सीतल्या पुतण्याने फोनवर सांगितले, की एकामागून एक फोटो गिळत जाणारी यंत्रे असतात, गठ्ठा ठेवला की सेकंदाला एक. त्यांची किंमत ऐकण्याआधीच मी नको म्हटले. पानशेतच्या पावसाळ्यातून वाचलेल्या माझ्या आजीला मी रुळांतून काढू देणार नव्हतो. कोपऱ्यावरचा दुकानदार नगामागे दर लावून सगळे करून द्यायला तयार होता, तर तिथे ट्रंकेची अट आडवी आली. नात म्हणाली, फोननेच काढू या. गूगलचे फोटोस्कॅन नावाचे एक साधन २०१६ पासून आहे. ते एकाच फोटोची थोड्या थोड्या कोनातून चार-पाच चित्रे घेते आणि त्यांतली चमक पुसून टाकते. ट्रंकेतल्या फोटोंवर ते खरोखर छान चालले, हे मी कबूल केले पाहिजे. ज्यांना दहा-वीस फोटोच नातेवाइकांना धाडायचे आहेत त्यांनी उगीच यंत्राच्या नादी लागू नये. पण चौकटीतल्या फोटोवर जुन्या काचेतले ओरखडे आणि खिडकी यांचा असा गोंधळ झाला की विचारू नका. शिवाय चेहरा मोठा करावा, तर फोनने आपली अक्कल चालवून तो गुळगुळीत करून ठेवलेला. बेबी बाहुलीसारखी दिसू लागली.

या चौकशीत मला एक फार सुंदर गोष्ट मात्र सापडली. १९५७ साली, म्हणजे माझ्या जन्मवर्षी, अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्र कॉम्प्युटरात घालणारे पहिले यंत्र बनवले. एका फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा आणि तो ठिपक्या-ठिपक्याने वाचायचा. त्या यंत्रावर त्याने पहिला फोटो कोणाचा चढवला? आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा. जेमतेम पाच सेंटिमीटरचा चौकोन, १७६ ठिपके आडवे आणि १७६ उभे. यंत्र सरकारी, पैसा सरकारी आणि फोटो घरचा! ही गोष्ट मी आत्याला सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारले, "मुलगा पुढे कसा निघाला?"

कार्तिक गेला, माघ गेला, फाल्गुनात होळी झाली. माझी वही भरत आली होती. एके रात्री जेवताना मी लाइड ३०० आणि ४०० यांच्यातला फरक समजावून सांगत होतो, तेव्हा नात म्हणाली, "आबा, पणजीआत्याला आता भिंग लावूनसुद्धा फोटोतलं दिसत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हते. दिवाळीत ती भिंग घेऊन ट्रंक उघडून बसे आणि 'हा बघ, हा आमचा अलिबागचा मामा' असे सांगत असे. ती केव्हापासून बसेनाशी झाली, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी आकड्यांत होतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन मी पायरीवर उभा राहिलो आणि जन्मात प्रथमच बोट दाखवून 'हे द्या' म्हणालो. लाइड ३००. पैसे सहा हजारांच्या आत गेले.

यंत्र चांगले निघाले. पहिल्या आठवड्यात मी माझ्या हाताच्या ठशांचेच फोटो काढले. मग शहाणा झालो. काच रोज मऊ फडक्याने पुसायची, फोटोवर फुंकर न मारता हलक्या कुंचल्याने धूळ झटकायची, कारण फुंकरीत थुंकी असते. फोटो कडांनी धरायचा. यंत्राला 'सुधारणा करू का?' असे विचारायची खोड असते. त्याला नको म्हणायचे. रंगरंगोटी नंतर केव्हाही होते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, फोटो उलटा करून त्याची पाठही टिपायची. 'चि. बाळच्या बारशास', 'परत पाठवणे', 'ही मुलगी पसंत नाही' असे मजकूर पाठींवर निघाले. शेवटचा मजकूर कोणत्या फोटोवर होता ते सांगत नाही. त्या आजी पुढे आमच्याच घराण्यात सून म्हणून आल्या.

सगळ्यात छळ मांडला तो १९८० नंतरच्या आल्बमांनी. चिकट पानांवर फोटो ठेवून वरून प्लास्टिक ओढायचे, असले आल्बम तेव्हा लग्नाच्या अहेरात यायचे. तो डिंक पिवळा पडला आणि फोटो सोडीना. दात कोरायचा जो मेणाचा दोरा मिळतो तो फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू ओढला की बरेचसे सुटतात. जे सुटले नाहीत ते पानासकट काचेवर ठेवले. त्या मानाने त्यांच्या आजोबांच्या वयाचे, काळ्या पुठ्ठ्यावर कोपरे लावून बसवलेले कृष्णधवल फोटो किती सभ्य! कडेने थोडी कसर लागली आहे, काळ्या भागावर चांदीसारखी निळसर झाक आली आहे. ती झाक म्हणजे खरोखरच चांदी, फोटोतलीच, वर आलेली.

जूनच्या अखेरीस ट्रंकेचा तळ लागला. मग मी भिंतीवरची चौकट उतरवली. मागच्या चुका काढल्या, पुठ्ठा काढला, काच आणि तिला चिकटलेला फोटो अलगद यंत्रावर पालथा ठेवला. दिवा फिरला. पडद्यावर आजोबांच्या जागी धुके आले. पगडी कुठे संपते आणि मागचा पडदा कुठे सुरू होतो ते कळेना. बेबीच्या जागी एक पांढरा डाग. तेव्हा मला वहीतले ते वाक्य आठवले. फोटो आणि यंत्राची काच यांच्यामध्ये चौकटीची अडीच मिलिमीटरची काच होती. याची नजर फक्त जवळची. सहा महिने मी ज्या एका फोटोसाठी यंत्र शोधत होतो, त्या एका फोटोपुरतेच हे यंत्र निरुपयोगी होते.

आणि मग मी ते केले, जे करू नये असे मी स्वतः वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवले होते. दुपारची वेळ होती, घरात सगळी झोपली होती. दाढीचे पाते घेऊन मी फोटोचा उजवा वरचा कोपरा काचेपासून सोडवायला गेलो. पाते सुरळीत सरकले. मला वाटले, सुटतोय. कागद सुटला, चित्र काचेवरच राहिले. नखाएवढा तुकडा, मागच्या पडद्यावर रंगवलेल्या खांबाचा. मी पाते खाली ठेवले. हात थरथरत होता. तो कोपरा डावीकडचा खालचा असता तर, एवढा एकच विचार मनात होता. पुष्कळ वेळ मी तसाच बसून राहिलो. आत्या शेजारच्या खोलीत जागी होती. "काय रे, काय झालं?" तिने विचारले. मी म्हणालो, "काही नाही." तिला ते दिसणार नव्हते, आणि त्यामुळेच ते खोटे बोलणे मला फार लागले.

आमच्या पेठेतले एक जुने फोटोग्राफर दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे होत होते. त्यांच्याकडे जाड्या घराण्यातले एक जुने यंत्र धूळ खात होते. "१५०० द्या आणि घेऊन जा, नाहीतर भंगारवाला येतोच आहे," ते म्हणाले. ते यंत्र मी रिक्षात मांडीवर घेऊन आणले. वजन भरल्या कळशीएवढे. आधी त्याचा दिवा तापेपर्यंत वाट पाहावी लागते, मग ते गुरगुरते. नव्या कॉम्प्युटरला त्याची भाषा कळेना. असल्या जुन्या यंत्रांशी बोलणारे व्ह्यूस्कॅन नावाचे एक सॉफ्टवेअर मिळते. त्या दुभाष्याची बिदागी यंत्राच्या किमतीहून जास्त पडली. पण बोलणे जमले.

दोन काचा एकमेकींवर टेकल्या, की मध्ये इंद्रधनुष्यासारखी वलये उमटतात. शाळेत न्यूटनची वलये म्हणून शिकलो होतो. ती माझ्या आजीच्या पातळावर अवतरली. पोस्टकार्डाच्या चार पट्ट्या कापून काचेच्या कडांखाली ठेवल्या, वलये गेली. भिंगाच्या नजरेला तेवढे अंतर काहीच नव्हते. फोटो कृष्णधवल असला तरी टिपला रंगीत, कारण पुराचे डाग पिवळट-तपकिरी होते आणि रंगीत प्रतीतला तांबडा भाग तेवढा वेगळा काढला की असले डाग बरेच फिके पडतात. फुल प्लेटचा फोटो बहुधा तेवढ्याच मोठ्या निगेटिव्हवरून थेट छापलेला. म्हणून आकडा १२०० चा ठेवला. आठ कोटी ठिपके. टेकडीवरच्या इंजिनियरना सांगितले असते तर त्यांना थोडे समाधान वाटले असते.

संध्याकाळी नातीने ते चित्र बैठकीतल्या टीव्हीवर लावले आणि आत्याला खुर्चीत बसवले. मी आधी कोपऱ्याचे सांगून टाकले. "खांबच गेला ना?" आत्या म्हणाली. "जाऊ दे. तो रंगवलेलाच होता."

नातीने चित्र मोठे करत करत डाव्या बाजूला आणले. बेबीचा चेहरा टीव्हीभर झाला, परातीएवढा. आत्या समोर पाहीना. तिने मान पूर्ण उजवीकडे वळवली, एखादे पाखरू दाणा पाहते तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागली. कोणी बोलेना. आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"फ्रॉक माझा आहे," बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली.

"कोणाचा?"

"माझा. आईनं आदल्या रात्री खाली दुमडून तिच्या मापाचा केला. गळ्याशी टाचणी असेल बघ, बटण मिळालं नव्हतं."

नातीने गळ्याकडे नेले. टाचणी होती. इतकी वर्षे भिंतीवर तो फोटो पाहिला, टाचणी कोणाला दिसली नव्हती.

"आता मला दाखव," आत्या म्हणाली. बारा वर्षांची आत्या पडद्यावर आली. दोन घट्ट वेण्या, फुगलेले गाल. "डोळे सुजलेत की नाही? सकाळभर रडत होते. त्या फ्रॉकसाठी. तिला चिमटासुद्धा काढला होता." ती थोडी थांबली. "दाखव परत तिला."

आम्ही त्या रात्री जेवायला साडेदहाला बसलो.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला असा एक तास चालतो. एकेक फोटो टीव्हीवर मोठा करायचा, आत्याने मान वळवून तो पाहायचा आणि नावे सांगायची, मी लिहायची. सगळी माणसे तिला लागत नाहीत. काही चेहऱ्यांपाशी ती म्हणते, "हा कोण ते दिवाळीत सांगितलं असतं रे," आणि मी पुढचा फोटो लावतो. अशा न लागलेल्या माणसांची वहीत वेगळी यादी आहे. आज ती ३१ वर आहे.

पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "कॉम्प्युटरात या फोटोचं नाव काय ठेवलंयस?"

"नाव नाही, यंत्र आपोआप आकडा देतं. स्कॅन ६४१."

"माणसांना आकडे कसले देतोस? येरवडा आहे का हा?"

मी आकडा पुसला. आजोबांचे, आजीचे, वडिलांचे, काकांचे, आत्याचे नाव लिहिले आणि शेवटी 'बेबी' असे टंकले. काय लिहिलेस ते वाच, असे ती म्हणाली. मी वाचले.

"बेबी काय? खरं नाव लिही तिचं."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ते आम्हांला कोणालाच माहीत नव्हते. तिने ते सांगितले. मी सावकाश एकेक अक्षर लिहू लागलो.

"पहिली वेलांटी ऱ्हस्व," आत्या म्हणाली. पडद्यावरची अक्षरे तिला दिसत नव्हती, पण माझ्या शुद्धलेखनावर तिचा पहिल्यापासूनच भरवसा नाही.